डोक्यावरची बॅटरी

५ जून
बिरवाडीच्या भंगारवाल्याकडून लॅपटॉपचा जुना पॅक उचलला. फोडला तर आत १८६५० चे सहा सेल. मल्टिमीटर लावला: चार सेल ३.६ व्होल्टच्या आसपास, दोन एकच्याही खाली. ते दोन बाद. इतक्या खाली गेलेल्या लिथियम सेलमध्ये तांबं विरघळतं, चार्जिंगला लावलं की भलत्याच जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. बाकीचे टीपी४०५६ च्या चार्जिंग मॉड्यूलवर, डोळ्यांसमोर. रात्रभर लावून झोपणाऱ्यांचं मला कळत नाही.

१४ जून
धो धो पाऊस. वाडीतली पोरं ओहोळात चढणाऱ्या वलगणीच्या माशांना निघाली, मीही गेलो. पांढराफटक हेडलॅम्प कपाळावर. समोर नुसते थेंबच चमकतात, पलीकडचा ओहोळ दिसेना. वाडीतले अण्णा मात्र हातातली बॅटरी कमरेशी धरून बिनघोर चालले होते. साधी गोष्ट आहे: दिवा डोळ्यांजवळ असला की थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. म्हणजे कपाळावर पसरट, मंद उजेड, हात आणि पाय दिसण्यापुरता. लांबचा झोत हातात. एलईडी ४००० केल्विनची घ्यायची. तिनेही थेंब चमकतातच, पण चिखल, पाला आणि दगड वेगवेगळे ओळखू येतात.

२६ जून
बाजारात एका सेलच्या बॅटरीच्या खोक्यावर छापलंय, १ लाख लुमेन! चांगली एलईडी एका वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन देते. म्हणजे हजारेक वॉट लागतील. कपाळावर इस्त्रीच बांधायची की.

आपला हिशेब असा. ड्रायव्हरवरची एएमसी७१३५ ची एक चिप एलईडीला ३५० मिलिअँपिअर सोडते. आठ चिपा लावल्या तर २.८ अँपिअर, २६०० मिलिअँपिअर-अवरचा सेल तासाभराच्या आत खलास. एकीवर सात तास. आणि करंट आठपट म्हणून डोळ्याला उजेड आठपट वाटत नाही. शिवाय जास्त करंटमधली बरीचशी वीज नुसती उष्णता होते. म्हणून एलईडी तांब्याच्या चकतीवर, खाली थर्मल पेस्ट, अगदी पातळ. पेस्ट जाड थापली तर उष्णता उलट अडते. डोक्यावरच्या दिव्याला तीन चिपा बस्स.

८ जुलै
कारखान्यात रात्रपाळी. एकाने विचारलं, हा दिवा प्लँटमध्ये का नाही आणत? सॉल्व्हंटची वाफ असते तिथे स्विचची बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते. आत फक्त प्रमाणपत्र असलेली फ्लेमप्रूफ बॅटरी. घरची बॅटरी गेटबाहेर, माझी असली तरी.

२२ जुलै
२०२१ मध्ये याच तारखेला महाडात पाणी शिरलं. वीज गेली, मोबाइलही बंद. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. आमच्याकडे बॅटरी किती लांब फेकते हे कुणी विचारत नाही; सकाळपर्यंत चालेल का, एवढंच विचारतात. आठ चिपांचा ड्रायव्हर आज काढून ठेवला.

३० जुलै
अण्णांना खेकडे पकडायला एक बनवून हवी. तयार ड्रायव्हरमध्ये लुकलुकणारा मोड होता, तो दिसताच म्हणाले, "हे काढ आधी. खेकडे काय नाचायला येणारेत?" मोड बंद केले, एक बटण, एक उजेड. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं, बादलीत बुडवून ठेवली, आत थेंब नाही. इलॅस्टिकचा पट्टाही त्यांना नको, भिजला की सैल होतो म्हणे. पोलादपूरला दप्तरं शिवणारा आहे, त्याच्याकडून नायलॉनचा शिवून घेतो. पैसे किती, ते अजून ठरायचंय; अण्णा खेकड्यांवर मिटवू पाहतायत.