लांबून येणारा आवाज

आमच्या गाईच्या ठोक्यांचं एक रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे. चाळीस सेकंदांचं. लब-डब, लब-डब, इतकं स्वच्छ की हेडफोन लावला तर गोठ्यात तिच्या शेजारी उभं असल्यासारखं वाटतं. ते ऐकून आम्ही सगळे आठवडाभर निर्धास्त झोपलो. ते रेकॉर्डिंग खोटं होतं, आणि खोटं बोलणारा मायक्रोफोन मीच निवडला होता.

गाव सांगोला तालुक्यात, मी पुण्यात. मे महिन्यात गाईनं वैरण सोडली. दूध निम्म्यावर आलं. पाठ कमानीसारखी करून उभी राहायची, बसताना कण्हायची. डॉक्टर म्हणाले, तार गेली असावी. गाय आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. वैरणीतला खिळा किंवा तार तोंडात वेगळी काढणं तिला जमत नाही. ती पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन पडते. तिथून हृदय काही बोटांवर, मध्ये फक्त श्वासपटल. तार पुढं सरकली तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पू आणि पाणी साठतं.

त्याच हिवाळ्यात आम्ही घराचा स्लॅब टाकला होता. सळया बांधायच्या तारेचे तुकडे कडब्याच्या गंजीपाशी पडलेले मी पाहिले होते. उचलू नंतर, असं म्हटलं होतं.

डॉक्टरांनी गाईला लोहचुंबक गिळवलं, इंजेक्शनं सुरू केली, पुढचे पाय उंचावर राहतील असा ओटा करायला सांगितला. जाताना म्हणाले, "ठोके रोज ऐकायला हवेत. आवाज दबायला लागला तर लगेच कळलं पाहिजे. पण मला रोज येणं जमणार नाही." माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. मी म्हटलं, "साहेब, आवाज मी तुम्हाला रोज पाठवतो."

स्टेथोस्कोपची चकती घ्यायची, नळी चार सेंटिमीटरवर कापायची, टोकाला माइक बसवायचा आणि तो फोनला जोडायचा. एवढंच यंत्र. प्रश्न फक्त माइक कोणता, हा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुपारी तीन प्रकार घेतले.

पहिला पिएझो, म्हणजे पितळी चकती. स्वस्त, आणि थेट अंगाला लावता येते. फोनला जोडली तर केसांची खरखर तेवढी ऐकू आली, ठोका नाहीच. कारण नंतर कळलं. ही चकती छोट्या कपॅसिटरसारखी वागते. तिच्या पुढच्या सर्किटचा रेझिस्टन्स दहा लाख ओहमच्या घरात लागतो. फोनच्या माइक-पिनवर तो जेमतेम दोन-चार हजार. अशा वेळी खालच्या पट्टीतले आवाज वाटेतच जिरतात, आणि हृदयाचे आवाज बहुतेक २०० हर्ट्‌झच्या खालीच असतात.

दुसरा साधा इलेक्ट्रेट. शर्टच्या बटणाहून लहान कॅप्सूल, मागे दोन पाय. त्यानं आवाज दिला, पण बारीक. गाईची छाती जाड. त्यात मध्येच पोटाची गुडगुड यायची आणि ठोका तिच्याखाली बुडायचा.

तिसऱ्या मॉड्यूलवर इलेक्ट्रेटच होता, पण सोबत आपोआप गेन बदलणारा ॲम्प्लिफायर. आवाज लहान झाला की तो स्वतःच वाढवतो, मोठा झाला की कमी करतो. मीटिंगमध्ये लांब बसलेल्या माणसाचा आवाज पकडायला हे झकास. गाईच्या डाव्या कोपरामागे केस ओले करून चकती टेकवली आणि गोठ्यात लब-डब घुमलं. आई म्हणाली, "आगं बाई, घड्याळावानी पडत्यात की ठोकं!" मी हाच निवडला आणि पुण्याला परत आलो.

आई रोज सकाळी रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना आणि मला पाठवायची. सहा दिवस आवाज जसाच्या तसा, दणदणीत. डॉक्टर म्हणायचे, "आवाज चांगला आहे, बघूया." सातव्या दिवशी त्या बाजूला आले म्हणून ते गोठ्यात डोकावले. गळ्याची शीर दोरीसारखी फुगली होती, पोळीला सूज होती. त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि मला फोन केला.

"आवाज लांबून येतोय. पाण्याखालून आल्यासारखा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असं नव्हतं."

नव्हतंच. हृदयाभोवती पाणी वाढत होतं, आवाज रोज थोडा दबत होता, आणि माझं मॉड्यूल तो रोज तितकाच वर उचलून देत होतं. जो फरक कळावा म्हणून यंत्र केलं, तोच ते पुसत होतं. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप आला. त्या सुरळीला दबलेला आवाज परस्पर वर उचलता येत नव्हता. आवाज लहान असेल तर तो लहानच कानापर्यंत यायचा.

त्या रात्री मी दुसरा माइक बाहेर काढला, तो बारीक आवाजाचा. त्याला ठरावीक गेनचा ॲम्प्लिफायर जोडला आणि तो गेन पुन्हा बदलता येऊ नये म्हणून स्क्रूवर नेलपॉलिश लावलं. रेकॉर्डिंगच्या ॲपमधला ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन बंद केलं. आईला सांगितलं, व्हॉइस नोट नको, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. पहिलं रेकॉर्डिंग आल्यावर आई फोनवर म्हणाली, "ह्यो बिघडलाय बघ. पहिलाच बेस होता."

"बिघडला नाही, आई. आवाजच तेवढा आहे."

ती काही बोलली नाही.

पुढचे नऊ दिवस आवाज रोज लहान होत गेला. शेवटी शेवटी त्यात बाटलीत पाणी हलवल्यासारखी खळखळ यायला लागली. दहाव्या दिवशी सकाळी फाइल आली नाही.

ते सहा दिवस वाया गेले नसते तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तार हृदयापर्यंत पोचली की जनावर क्वचितच हाती लागतं. मग थोडं थांबून म्हणाले, "पण मी आधी आलो असतो." हे दुसरं वाक्य ते टाळू शकले असते. त्यांनी टाळलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आता गोठ्यात दुसरी गाय आहे. यंत्र कोनाड्यात पडून आहे. मी एका जुन्या स्पीकरचं चुंबक काढून दिलं, ते आईनं दोरीला बांधलंय. रोज संध्याकाळी कुट्टी घमेल्यात काढली की ती त्यावरून ते फिरवते आणि चिकटलेलं काही असेल तर फोटो पाठवते. बहुतेक दिवशी नुसती काळी धूळ असते. काल एक चूक आणि बोटभर तार होती.