वाकवलेल्या नळ्यांचं देणं

ज्यांच्या कामावर माझा संसार उभा राहिला, त्यांतल्या दोघांना मी कधी भेटलेलो नाही. किम रासमुसेन आणि ग्रेगरी हॅनकॉक, सिडनी विद्यापीठातले संशोधक. ३०४एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी आणि गोल नळ्या त्यांनी खांब म्हणून दाबल्या, तुळया म्हणून वाकवल्या आणि जे हाती आलं ते १९९३ साली दोन जोडलेखांत छापलं. त्यातल्या तुळयांच्या लेखाची झेरॉक्स पुण्यातल्या माझ्या पहिल्या डिझाइन ऑफिसात माझ्या वरिष्ठांनी, आमच्या सरांनी, माझ्या टेबलावर ठेवली. सरांचं ऋण इथूनच सुरू होतं.

काम एका डेअरीचं होतं. टाक्यांच्या वर माणसांना फिरायला प्लॅटफॉर्म हवा होता. रोज पाण्याचा मारा, कधी कॉस्टिक, कधी ॲसिड. साध्या लोखंडाला रंग देऊन तिथं निभाव लागत नाही, म्हणून ३०४. आणि नळी का, तर तिच्यावर दूध-पाणी साचायला आतल्या बाजूच्या खाचा नसतात. शिवाय बंद आकार पिळाला फार कणखर असतो. आय आकाराची लांब तुळई भार वाढला की आडवी कलंडायला बघते, चौकोनी नळीत ती धास्ती जवळजवळ नसते.

मी कॉलेजात शिकलो होतो ते माइल्ड स्टील. ते ठरावीक ताणापर्यंत सरळ रेषेत जातं आणि मग स्पष्टपणे शरण येतं, तो यील्ड पॉइंट. स्टेनलेसच्या आलेखात असा टप्पाच नाही. रेषा सुरुवातीपासूनच हळूहळू वळत जाते. म्हणून ०.२ टक्के कायमचा स्ट्रेन (लांबीतला बदल) राहतो तिथला स्ट्रेस मर्यादा म्हणून धरायचा, आणि त्याला प्रूफ स्ट्रेस म्हणायचं. सरांनी मला कोणतंही कोष्टक दिलं नाही. रॅमबर्ग आणि ऑसगुड यांनी १९४३ मध्ये मांडलेलं सूत्र दिलं आणि म्हणाले, "आधी आलेख हातानं काढ. तो नसेल तर मी सही करणार नाही."

तो आलेख काढताना जे दिसलं, त्यानं माझी नजर कायमची बदलली. १०० बाय १०० बाय ४ मिलिमीटरची नळी घ्या, कोपरे काटकोनी धरा, प्रूफ स्ट्रेस २१० मेगापास्कल. कडेच्या धातूनं प्रूफ स्ट्रेस गाठला की थांबायचं म्हटलं तर नळी ९.९ किलोन्यूटन-मीटर मोमेंट घेते. पूर्ण छेद कामाला लावला तर ११.६. ताकदीचा प्रश्न सुटला असं वाटतं. पण सरांचा पुढचा प्रश्न असायचा, "झोल किती?" प्रूफ स्ट्रेसपाशी एकूण स्ट्रेन ०.३ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे सुरुवातीच्या ताठपणाचा जेमतेम एकतृतीयांश उरतो. नेहमीच्या वापरातल्या १४० मेगापास्कलवरसुद्धा धातूचा सेकंट मॉड्युलस, म्हणजे हाच ताठपणा, साधारण सातवा हिस्सा घटलेला असतो. नळी तुटणार नाही, पण पायाखाली लवेल, आणि माणसाचा तिच्यावरचा विश्वास आधी जाईल. म्हणून ताकद पुरेशी असूनही सर कित्येकदा मोठी नळी घ्यायला लावत. माझ्या मते तेच बरोबर होतं, आजही आहे.

दुसरं देणं भोसरीच्या एका मिस्त्रींचं. थंड पत्रा वळवून नळी केली की कोपऱ्यांतला धातू कमालीचा कठीण होतो, ही मिळकत सिडनीच्या लेखात आकड्यांत दिसते. तीच आर्गॉन वेल्डिंगच्या उष्णतेत कशी जाते, ते मी मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून शिकलो. जोडाजवळचा धातू पुन्हा मऊ पडतो, म्हणून तिथं वाढीव ताकद हिशोबात धरायची नाही. शिवाय स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता फार सावकाश वाहून नेतं. ही वाक्यं माझी, मिस्त्री एवढंच म्हणायचे, "साहेब, आधी सगळीकडं टॅक मारू द्या. एका अंगानं ओढत गेलो तर पाइपाचं केळं होईल." लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती ते स्टेनलेसला लागू देत नसत. लोखंडाचे कण चिकटले की डाग पडतात, गंज तिथून उठतो. तुळईची ताकद त्या शिस्तीतही असते, हे कोणत्या पुस्तकात मला इतकं ठसलं नव्हतं.

पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात लेरॉय गार्डनर यांनी या विषयाला वेगळं वळण दिलं. ३०४ ची किमान अंतिम ताकद ५१५ मेगापास्कल, प्रूफ स्ट्रेसच्या जवळपास अडीचपट. मग जाड नळीला प्रूफ स्ट्रेसवरच का अडवायचं? पातळ नळीची भिंत लवकर फुगते, जाड नळी खूप स्ट्रेन सोसते. ती किती सोसेल ते आधी ठरवा आणि ताकद त्यावरून काढा, असं त्यांची पद्धत सांगते. अमेरिकेच्या २०२१ च्या एआयएससी ३७० संहितेनं तिला परिशिष्टात जागा दिली. महागड्या धातूची बचत होते ती अशा चिकाटीमुळे.

या सगळ्या संशोधकांनी एक गोष्ट सारखी केली: नळी शेवटपर्यंत वाकवली आणि पाहिलेलं लपवलं नाही. माझी फेड करायची ऐपत नाही. म्हणून आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना आणि मुलांना एक विनंती. प्रयोगशाळेत चाचणीचं यंत्र असेल, तर आपल्या बाजारात मिळणारी स्टेनलेसची चौकोनी नळी आणा, दोन टेकू आणि दोन भार लावून ती भिंत फुगेपर्यंत वाकवा, कोपऱ्याचा आणि सपाट भागाचा तुकडा वेगवेगळा ताणून पाहा. आणि सगळे आकडे, नको वाटलेलेसुद्धा, छापा.