रक्त निघाले म्हणजे गुण आला का?



कोकणात शेजारच्या बायका गोंदून घेत, ते आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी पाहिलेले आहे. सुई टोचायची, रंग भरायचा. १९९७ साली कॅनडातल्या कामिरां नावाच्या डॉक्टरने लिहिले की तेच गोंदणाचे यंत्र शाई न घालता जुन्या वणांवर फिरवले तर वण सुधारतात. तिथून पुढे सुयांचे रूळ निघाले. मुठीत मावणारा दांडा आणि पुढे फिरते चाक, त्यावर केसासारख्या सुया. त्याला डर्मा रोलर म्हणतात. आता तो पोस्टाने घरपोच येतो.

माझी नात सैन्यातून सुटून आली तेव्हा तिच्या गालांवर मुरमांचे खड्डे होते. तिनेही एक मागवला. एका रात्री बघते तर दोन्ही गाल लालभडक आणि हातातला कागद रक्ताने ठिपकलेला. "सावता, रक्त आलं ना, म्हणजे आत काम चाललंय!" मी जन्मभर नर्सचे काम केले, रक्ताला भीत नाही. पण हे ऐकून मी तिला खाली बसवले.

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतातच, त्या खालच्या थरात. डॉक्टर भूल देणारे मलम लावून दीड मिलिमीटर किंवा त्याहून लांब सुया वापरतो, तेव्हा बारीक थेंब दिसतात. शरीर ती जखम भरायला घेते आणि पुढचे काही महिने नवे कोलाजेन बनवत राहते. खड्डा भरतो तो त्याने. रक्त फक्त सांगते की सुई किती खोल गेली. घरच्या रोलरच्या सुया पाव मिलिमीटरच्या आसपास, शिवाय कातडी दबते, म्हणून सुई पूर्ण शिरतही नाही. त्यातून रक्त आले तर जोर फार झाला, सुई वाकली, नाहीतर सुया छापल्यापेक्षा लांब आहेत.

मग छोट्या सुयांचा उपयोग काय? मोरावळ्याचे आवळे आपण टोचतो ना, पाक मुरावा म्हणून? तसेच. लावलेले औषध जास्त मुरते. खोल खड्डे मात्र त्याने भरत नाहीत. आणि मुरायचे ते सगळेच मुरते. २०१४ साली अमेरिकेत काही बायकांना सुयांनंतर लावलेल्या व्हिटॅमिन सीच्या द्रवाने तोंडावर गाठी आल्याची नोंद आहे.

आपल्या मुंबईचेही एक उदाहरण सांगते. सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१३ साली १०० टक्कल पडणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. अर्ध्यांना नुसते मिनॉक्सिडिल, अर्ध्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर. बारा आठवड्यांनी रोलरवाल्यांचे केस पुष्कळ जास्त आले. रोलर फिरवायचा होता तो डोके जरासे लाल होईपर्यंत, रक्त काढायला नव्हे! तरी एवढी लांब सुई डॉक्टरनेच धरावी, असे माझे मत.

आपला सावळा वर्ण आणि इथले ऊन, यांची सांगड वाईट. जखम झाली की काळे डाग उठतात, ते महिनोन् महिने जात नाहीत. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी, साखरेचा आजार असलेल्यांनी आणि ज्यांचे वण फुगून वर येतात त्यांनी कुपात होलिममध्ये डॉक्टरला विचारल्याशिवाय रोलरला हातच लावू नये. अंगावर पिकलेले मुरूम असताना तर कोणीच फिरवू नये.

आणि मुलांनो, आईचा किंवा ताईचा रोलर हातावर फिरवून बघायची गंमत करू नका. दात घासायचा ब्रश आपण दुसऱ्याचा घेत नाही, मग हा कसा घ्यायचा? न्यू मेक्सिकोत २०१८ साली एका विनापरवाना सौंदर्यगृहात तोंडावर सुया टोचून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. जुना रोलर उघडा कचऱ्यात टाकू नये, जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावावे, नाहीतर कचरा उचलणाऱ्याच्या हातात सुया घुसतात.