भोजपूरचा महादेव आणि आमचे दोन श्रावण

भोपाळच्या आग्नेयेस सुमारे २८ किलोमीटरांवर, बेतवेच्या काठी खडकावर भोजपूरचे शिवमंदिर उभे आहे. परमार राजा भोज याने ते अकराव्या शतकात आरंभिले आणि ते अपुरेच राहिले. शिखर चढले नाही, सभामंडप झाला नाही. आत मात्र उंच पीठावर साडेसात फुटांचे लिंग विराजमान आहे. अभिषेकासाठी पुजाऱ्यास शिडी चढावी लागते! स्तंभांवर लक्ष्मी-नारायण, सीता-राम, उमा-महेश्वर आहेत, तसेच क्वचितच दिसणारे ब्रह्मा-सावित्रीही आहेत.

जवळच्या खडकांवर मंदिराचे आराखडे कोरलेले दिसतात. मागे शिळा वर ओढण्यासाठी केलेली मातीदगडांची उतरंड अद्याप आहे. काम पुरे झाले असते तर ती हलविली गेली असती आणि एवढे अजस्र दगड वर कसे गेले, हे कोडेच राहिले असते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत या स्थळाचे नाव आले, ते योग्यच झाले.

महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. आमच्या पंचांगात ती माघ वद्य चतुर्दशी, शेजाऱ्यांच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दिवस मात्र एकच, म्हणून वाद नाही. खरी अडचण श्रावणाची. येथला सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, तेव्हा आमचा आषाढ वद्य पक्ष चालू असतो. राखीला त्यांचा महिना संपतो आणि आमचा निम्मा उरतो. शाळा-कचेरीच्या सोबत्यांबरोबर वाढलेली आमची मुले साहजिकच पहिल्या सावन सोमवारी भोजपुरास निघतात. घरातील वडीलधाऱ्यांस हे रुचत नाही. आमच्या मते मुलांना अडवू नये. पण राखीनंतरचे सोमवारही सोडू नयेत.

त्या सोमवारी गर्दी ओसरलेली असते, बेलफुलांची दुकाने विरळ झालेली असतात. अशा वेळी एखादी नवी सून शिवामूठ घेऊन येते. पीठ उंच असल्याने मूठ पायथ्याशीच वाहावी लागते. तिच्यासारख्याच याच प्रांतात जन्मलेल्या काही सुनांना तांदूळ, तीळ, मूग, जवस हा क्रम सासूबाईंना विचारूनच कळतो. फुलवाली मात्र दरवर्षी विचारते, "सावन तो गया, बहनजी, अब क्या चढ़ा रही हो?"