मीटर म्हणतं, ठीक आहे

लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली, "डॉक्टर, सोपं लिहा. डेसिबल-बिसिबल कमी असू द्या." अट निम्मी पाळता येईल. आवाजावर लिहायला बसलं की पहिल्यांदा सुचतात ती सगळ्यांना पाठ असलेली वाक्यं: गोंगाट वाईट, शांतता चांगली, सणांचं पावित्र्य राखा. त्यासाठी कानाच्या डॉक्टरला वेठीला धरायची गरज नाही. मला लिहायचंय ते वेगळ्या कारणाने. मीच सही केलेला एक रिपोर्ट लग्नसराईपासून डोक्यातून जात नाहीये.

मे महिन्यात अहमदपूरकडचा एक मुलगा वडिलांबरोबर नांदेडला माझ्याकडे आला. वय एकोणीस-वीस, पोलीस भरतीची तयारी करणारा. चुलतभावाच्या वरातीत तो डीजेच्या गाडीपुढे नाचला होता. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत, म्हणजे चालत पाच मिनिटं आणि वरातीने दोन तास. रात्री दोन्ही कानांना दडे बसले. सकाळपर्यंत दडे गेले, पण शिट्टी राहिली. "सर, कानात शिट्टी वाजायलीय, थांबंना." कोमट तेल घालून झालं, कापूस घालून झाला, कुणीतरी सांगितलेली गोळी झाली. माझ्याकडे यायला आठवडा उलटला होता.

ऑडिओमेट्री केली. आलेखावरचे सगळे बिंदू वीस डेसिबलच्या आत. ४००० हर्ट्झला किंचित खळगा, तोही मर्यादेत. मी लिहिलं, "श्रवणक्षमता सर्वसाधारण." वडिलांचा जीव भांड्यात पडला, "म्हणजे नॉर्मल हाय की!" मुलगा मात्र गप्प होता. मग म्हणाला, "अकॅडमीत पंखे चालू असले की सरांचं ऐकू येतंय, पण काय म्हणालेत ते कळंना."

रिपोर्ट खोटा नव्हता. मुलगाही खोटं बोलत नव्हता.

इथे थोडं आतल्या कानात शिरावं लागेल. गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या कॉक्लियात साधारण १२ हजार बाह्य आणि साडेतीन हजार आंतर केसपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म तंतू वाऱ्याने लोळवलेल्या ज्वारीसारखे आडवे होतात. मार थोडा असेल तर पुन्हा उभे राहतात. सकाळी दडे जातात ते त्यामुळे, आणि लोकांचा समज होतो की कान बरा झाला.

२००९ साली बोस्टनमधल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी या समजुतीला सुरुंग लावला. त्यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली आणि केसपेशीही शाबूत दिसल्या. पण त्या पेशी आणि श्रवणनस यांना जोडणारे सांधे, सायनॅप्स, काही भागांत जवळपास निम्मे नष्ट झाले होते. शांत खोलीत एकेक बारीक स्वर ऐकायला उरलेले सांधे पुरतात. गलक्यातून शब्द वेचायला पुरत नाहीत. जिवंत माणसाचा कॉक्लिया कापून बघता येत नाही, त्यामुळे माणसात हे नेमकं किती घडतं यावर आमच्यात अजून वाद आहेत आणि मी त्या मुलाला छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं, की माझं यंत्र जे मोजतं ते त्याला जे होतंय त्याचं मोजमापच नव्हे.

डेसिबलबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. साउंडवाले म्हणतात, "शंभराचं सत्त्याण्णव केलं, काय फरक पडतो?" तीन डेसिबल उतरले म्हणजे कानावर पडणारी ध्वनिऊर्जा निम्मी झाली. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा असं धरलं, तर ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीपुढे शंभर सहज ओलांडले जातात. आता वरातीचे दोन तास मांडून बघा. कानातला कापूस यात फार तर चार-पाच डेसिबल कमी करतो; घालणाऱ्याचं समाधान मात्र पूर्ण होतं.

पण कान हा या गोष्टीचा एकच भाग, आणि माझं खरं भांडण पुढेच आहे. माझी लातूरलाही ओपीडी असते. तिथे किल्लारीच्या बाजूचे एक बाबा येतात. सध्या औसा रोडच्या आतल्या वस्तीत मुलाकडे राहतात. वयामुळे दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. मुलाची तक्रार भलतीच होती. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली की बाबा घराबाहेर धाव घेतात, घामाघूम होतात, बीपी चढतो. "सर, यांना फोनची रिंग ऐकू येत नाही. मग डीजेचा त्रास कसा होतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हातारपण आधी वरचे स्वर नेतं: फोनची रिंग, नातवंडांचे आवाज, स आणि श. खालचे स्वर बरेच दिवस टिकतात. शिवाय बेस फक्त कानाने कळत नाही. तो फरशीतून पायात, पलंगातून पाठीत आणि थेट छातीत उतरतो, खिडकीची तावदानं आणि मांडणीवरची भांडी हलवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपात बाबांनी हेच अनुभवलं होतं: आधी घरघर, मग भांडी, मग माळवद. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे लोक विसर्जन उरकून दमून झोपले होते. आता दर वर्षी त्याच तिथीला त्यांच्या घराची भांडी वाजवली जातात. मराठवाड्यात हे सगळं जुनं होऊन विसरलं गेलंय असंही नाही. निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले तेव्हा लोक रात्री घरात झोपत नव्हते, आणि २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यातल्या धक्क्याने नांदेडही हललं. इथल्या माणसाला घरघर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

मी बाबांच्या मुलाला म्हणालो, मिरवणुकीच्या वेळी आवाज मोजून घ्या. त्याने तक्रार केली, मोजणी झाली आणि आकडा फार मोठा आला नाही. तो येणारच नव्हता. कारण आपला कायदा आवाज डेसिबल 'ए'मध्ये मोजतो.

या 'ए'वर मी कुठेही बोलायला लागलो की बायको घड्याळाकडे बघते, तरी लिहितोच. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली माणसाला कोणता स्वर किती मोठा वाटतो याच्या वक्ररेषा काढल्या. त्यातल्या मंद आवाजाच्या रेषेवरून मीटरसाठी 'ए' गाळणी बनली. मंद आवाजात आपल्याला खर्ज कमीच ऐकू येतो, म्हणून ही गाळणी खर्ज वजा करते. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल, ५० हर्ट्झला ३०. मोठ्या आवाजासाठी वेगळी 'सी' गाळणी होती. ती ६३ हर्ट्झला एक डेसिबलही कापत नाही. पण पुढे सोयीसाठी जगभर बहुतेक ठिकाणी 'ए'च वापरात राहिली. परिणाम असा: ६३ हर्ट्झचा बेस प्रत्यक्षात ११० डेसिबलने धडकत असेल, तर मीटरवर ८४ उमटतात. घराची भिंत बारीक स्वर अडवते, खर्ज आत सोडते. म्हणजे घरात शिरतो तोच आवाज मीटर सर्वांत कमी धरतं!

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझे मित्र चिडतील. श्रवणदोषाचा अंदाज बांधायला 'ए' बऱ्यापैकी चालते, कारण खर्ज कॉक्लियाला तुलनेने कमी इजा करतो. कारखान्यातल्या कामगाराच्या कानासाठी ती वापरा, माझी हरकत नाही. पण बाबांची तक्रार कानाची नव्हतीच. तक्रार छातीची, झोपेची, भीतीची, आणि मोजणी कानाची. दोन्ही गाळण्यांतले आकडे शेजारी-शेजारी नोंदवायला काही खर्च येत नाही. चांगल्या मीटरवर दोन्ही सोयी असतात. हे मी एका बैठकीत मांडलं होतं. चहा आला, विषय बदलला.

"आम्हाला सवय झाली," हे वाक्य तर मी रोज ऐकतो. सवय मनाला होते. झोपलेल्या माणसाच्या खिडकीखालून फाटक्या सायलेन्सरची बुलेट गेली तर तो जागा होईलच असं नाही. पण नाडी उसळते, रक्तवाहिन्या आक्रसतात, ताणाची संप्रेरकं सुटतात. सकाळी तो सांगतो, छान झोप लागली. युरोपातल्या सहा विमानतळांभोवती झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रात्रीचा विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. नांदेडात विमानं ती किती! पण नाडीला विमान आणि प्रेशर हॉर्न यांतला फरक कळत नाही.

लातूरच्या क्लासवाल्यांसाठी एक उदाहरण. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या एका बाजूला उंचावरून रेल्वे जायची. अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट यांना १९७५ साली दिसलं, की त्या बाजूच्या वर्गातली सहावीची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे होती. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांचं छत बदललं आणि फरक मिटला. लातूरमध्ये पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात, अभ्यासिकेत एसी आहे का ते आवर्जून बघतात. खिडकी कोणत्या रस्त्यावर उघडते हे विचारणारा पालक मला अजून भेटलेला नाही.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. २००० सालचे नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत. रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र समजले जायचे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ते क्षेत्र ठरत नाही. आता रुग्णालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते आणि तिची कायदेशीर किंमत काय, हे पाटी रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उत्सवाच्या दहा दिवसांत माझी ऑडिओमेट्रीची बंद खोलीसुद्धा निरुपयोगी ठरते, कारण तिच्या जाड भिंतीही खर्ज अडवू शकत नाहीत आणि चांगल्या कानाचा आलेख खालच्या स्वरांत बिघडलेला येतो. त्या दिवसांत आम्ही तपासण्या विसर्जनानंतरच्या देतो.

वाचकांसाठी कामाचं एवढंच: वरातीनंतर कानात शिट्टी किंवा दडे दुसऱ्या दिवशीही राहिले तर तेल घालू नका, लगेच कानाच्या डॉक्टरकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचाच असेल तर पहिल्या काही दिवसांत होतो. अहमदपूरच्या मुलाचे ते दिवस घरीच गेले होते. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तो बहुधा पास होईल. शिट्टी अजून आहे.

यंदा वर्गणीला आलेल्या मंडळाच्या पोरांना मी बसवून घेतलं, पावती फाडली आणि एकच मागणी केली: मिरवणूक हवी तेवढी काढा, फक्त बेसचे डबे निम्मे करा. अध्यक्ष पोरगा समजदार होता, इंजिनिअरिंगला असलेला. तो म्हणाला, "सर, बेस कमी केला तर पोरं नाचंनात."

त्याचं खरं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली हेच छापलंय. एका मैफलीत त्यांनी कानाला जवळजवळ न कळणाऱ्या अतिखर्जाचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त नाचले, आणि स्पीकर चालू आहेत हे त्यांना कळलंही नव्हतं. तो शोधनिबंध माझ्या टेबलाच्या खणातच होता. मी तो त्या पोराला दाखवला नाही.