वॉरंटीचा कागद

भाचा कागद घेऊन अंबरनाथला माझ्याकडे आला तेव्हा मगरिबची अजान व्हायची होती. "मामू, एवढं वाचून सांगा. उद्या सकाळी शोरूमवाल्याला हो की नाही ते कळवायचंय." घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली म्हणून रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत सगळे कागद माझ्याच पुढ्यात येतात. हा कागद नव्या रिक्षाच्या वाढीव वॉरंटीचा होता.

मागून आपा जिना चढून आली. तिने अर्धंच ऐकलं. "वॉरंट? कसलं वॉरंट निघालं?" तिचा चेहरा उतरला. भाच्याला हसू आलं, मला आलं नाही. आमच्या वस्तीतल्या आईला हा शब्द एकाच अर्थाने ठाऊक असतो. तिला पाणी दिलं आणि वॉरंटी म्हणजे काय ते समजावलं.

भाचा दहा वर्षं दुसऱ्याची रिक्षा चालवत होता. बदलापूर स्टेशन ते कात्रप, शेअरची लाईन. मालकाचं भाडं द्यायचं, गॅस भरायचा, उरेल ते घरी. 2017 मध्ये सरकारने परवान्यांवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून स्वतःच्या गाडीचं त्याच्या मनात होतं. पण तेव्हापासूनच स्टँडवरची रांगही लांबत गेली. आता कुठे डाउन पेमेंटचे पैसे जमले. कर्जाला जामीन मी. हप्ता चुकला तर पहिला फोन मलाच येणार. तेव्हा सल्ला देणारा मी काही तिऱ्हाईत नव्हतो.

कागद मुंगीच्या अक्षरात होता. भिंग घेऊन बसलो. इंजिनाच्या आतले भाग, गिअर बॉक्स, काही सेन्सर वॉरंटीत. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, केबल, टायर, बॅटरी बाहेर. म्हणजे रिक्षावाल्याचं जे दर दोन-चार महिन्यांनी जातं ते सगळं बाहेर. पुराचं पाणीही बाहेर; ते विम्याचं खातं, आणि कायद्याने सक्तीचा जो विमा असतो तो दुसऱ्याच्या नुकसानीचा, आपल्या गाडीचा नव्हे. त्याखाली खरी मेख. प्रत्येक सर्व्हिस ठरल्या किलोमीटरला, ठरल्या तारखेच्या आत, कंपनीच्याच सेंटरला. एक चुकली तर सगळं रद्द.

"सेंटर कुठे आहे?"

"कल्याणच्या बाजूला. सकाळी गाडी लावली तर संध्याकाळी मिळते."

म्हणजे अख्ख्या दिवसाचा धंदा बुडाला. वॉरंटीची खरी किंमत कागदावर छापलेली नव्हती. ती असे दिवस मोजल्यावर कळत होती.

पुराचा उल्लेख वाचला आणि 26 जुलै 2005 आठवली. उल्हास नदी बदलापुरात शिरली त्या रात्री दुल्हाभाईंची रिक्षा छतापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिनातून तेलाऐवजी चिखल निघाला. टेम्पोत घालून ती उल्हासनगरला नेली, कॅम्प चारच्या एका सिंधी मिस्त्रीकडे. त्याचे वडील फाळणीत सगळं सोडून आले होते. हा कॅम्पातच जन्मला. उल्हासनगरची थट्टा आपण सगळेच करतो. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, आणि माल दुकानाच्या पायरीखाली उतरला की गॅरंटी संपली. पण या मिस्त्रीने इंजिन पूर्ण उघडलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि निम्मे पैसे उधार ठेवून म्हणाला, "सांई, छह महीने में बंद पडी तो आधी रात को ले आना." चौथ्या महिन्यात बेअरिंग गेलं. त्याने एक पैसा न घेता बदलून दिलं. कुठे सही नाही, शिक्का नाही.

त्या आठवणीवर माझं मत नाहीकडेच झुकलेलं होतं. तरी भाच्याला म्हटलं, चल, त्यालाच विचारू. रात्री नऊ वाजता आम्ही उल्हासनगरला पोचलो. मिस्त्री आता थकला आहे, हात कापतात. काम पोरगा बघतो. मला वाटलं, हसून म्हणेल, मी असताना कागद कशाला? त्याने वेगळंच सांगितलं. "ले ले बेटा." 2020 पासून नव्या नियमांच्या गाड्या आल्या. बिघाड शोधायला कॉम्प्युटर जोडावा लागतो, आणि तो आपल्याकडे नाही. पूर्वी कानाने आवाज ऐकून दुखणं सांगायचो, आता गाडी दिवा लावून सांगते आणि तो दिवा मला वाचता येत नाही, असं तो म्हणाला. स्वतःच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवताना त्याचा आवाज जरा बारीक झाला. मी विषय बदलला, चहा मागवला.

परतताना भाचा म्हणाला, "शोरूमवाला म्हणतो, वॉरंटीचे पैसे कर्जातच टाकू, हप्त्यात कळणारही नाही." यावर मात्र आपाने घरी ठाम सांगितलं, जे व्याज गळ्यात आहे तेवढं पुरे, त्यात भर नको. मजहबचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तिचं गणित बरोबर होतं: वॉरंटीच्या पाच हजारांवरही कर्ज फिटेपर्यंत व्याज भरायचं. तिने पेटीतून रोख काढून दिले. ते हजच्या डब्यातले होते हे मला नंतर कळलं.

वॉरंटी घेतली. कॅलेंडरवर सर्व्हिसच्या तारखांना मी लाल पेनने गोल केले आहेत; तारीख चुकू नये हे आता जामीनदाराचंच काम झालं आहे. पहिलीच सर्व्हिस ईदच्या आदल्या आठवड्यात आली, ऐन खरेदीच्या गर्दीत. भाच्याचा फोन आला, "मामू, दोन दिवस पुढे ढकलली तर चालेल का?"

मी भिंग शोधायला उठलो.