चाकामधला अंतरपाट

लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरतात आणि मंगलाष्टके संपली की तो दूर करतात. हे दूर करणेच खरे महत्त्वाचे. तो तसाच राहिला तर संसार व्हायचा कसा? परंतु आमच्या पुतण्याने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, आपल्या मोटारीच्या चारही चाकांना कायमचे अंतरपाट बसवून घेतले आणि वर प्रत्येक चाकामागे एकेक दुभाषाही नेमला!

तुम्ही म्हणाल, ही काय भानगड? सांगतो.

चिरंजीवांकडे एक स्विफ्ट आहे. ती चालते, थांबते, पावसात गळत नाही. एवढ्या गुणांवर आमच्या पिढीने मुलगीसुद्धा पसंत केली असती. पण चिरंजीवांचे म्हणणे, "काका, गाडीला स्टान्स पाहिजे की!" स्टान्स म्हणजे गाडी उभी असताना कशी उभी आहे ते. धावताना ती कशी धावते, यालाही काही नाव असेलच. ते मात्र त्यांच्या बोलण्यात कधी आले नाही.

स्टान्ससाठी त्यांनी जुन्या बाजारातून इनोव्हाची चाके आणली. इथे भाषेचा प्रश्न उभा राहिला. स्विफ्टच्या हबवर चार बोल्ट, तेही 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. इनोव्हाच्या चाकाला भोके पाच, आणि त्यांचे वर्तुळ 114.3 मिलिमीटरचे. एक बोलतो कानडी, दुसरा गुजराती. म्हणून मध्ये अडॅप्टर आला. ही 20 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती आतून चार नटांनी हबला धरते आणि बाहेरून स्वतःचे पाच बोल्ट पुढे करून चाकाला म्हणते, या बसा. हा झाला दुभाषा.

दुभाष्यामुळे चाक बाहेर आले खरे, पण मडगार्डच्या काठाशी अजून बरोबरीत येईना. तेव्हा गॅरेजवाल्या उस्तादांनी दुभाष्याच्या बोल्टांवर 10 मिलिमीटरचा स्पेसर सरकवला. स्पेसर ही नुसती भोके पाडलेली चकती. तिला स्वतःचा बोल्ट नसतो. ती दुसऱ्याच्या बोल्टावर राहते आणि त्याचीच लांबी खाते. असे पाहुणे आपल्याकडेही येतात. हाच तो अंतरपाट.

"काही होत नाही," उस्ताद म्हणाले. गॅरंटी या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे हाच मराठी प्रतिशब्द आहे.

एरवी मीही मान डोलावली असती. पण गणपतीला कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचे ठरले होते. सारथी चिरंजीव, शेजारी मी, मागच्या सीटवर आमची सौभाग्यवती आणि ब्याऐंशी वर्षांची आई. वाटेत आंबा घाट. गाडी उभी कशी दिसते हा प्रश्न घाटात कोणी विचारत नाही. म्हणून उद्यमनगरात लेथवर सारा जन्म काढलेल्या एका मिस्त्रींना मी घरी बोलावले. आले, चहा घेतला, आणि चाकाकडे अशा नजरेने पाहिले, की वैद्याने जीभ पाहावी.

"काका, चाक बोल्टाला टांगलेलं नसतंय," त्यांनी सुरुवात केली. मी आजवर ते टांगलेलेच आहे असे समजत होतो. "नट आवळला की बोल्ट ताणतो. ताणलेला बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबानं जी पकड बसते, तिच्यावर गाडी चालते. दाब कमी झाला की चाक केसभर सरकायला लागतं. मग दर फेऱ्याला बोल्ट वाकतो आणि सरळ होतो. तार वाकवून वाकवून तुटते बघा, तसाच तोही तुटतो."

पुढचा हिशेब मलाही जमला. आधी चाक एकाच ठिकाणी दाबून बसत होते. आता हब आणि दुभाषा, दुभाषा आणि अंतरपाट, अंतरपाट आणि चाक अशा तीन जागा झाल्या. मध्ये कुठे रंगाचा पापुद्रा, कुठे गंजाचा कण. तो दबला की तेवढा ताण गेला. शिवाय चाक बरोबर मध्यावर बसावे म्हणून जो उंचवटा असतो, तो या सपाट चकतीतच गडप झालेला.

"आता एक नट सोडा, आणि आटे मोजा," मिस्त्री म्हणाले.

चिरंजीवांनी पाना लावला. आई ओसरीवरून मोजू लागली. एक, दोन, तीन, साडेतीन... आणि नट हातात!

मिस्त्रींचा ठोकताळा सोपा होता. बोल्ट 12 मिलिमीटर जाड, तर नटाची पकडही निदान 12 मिलिमीटर हवी. दोन आट्यांतले अंतर दीड मिलिमीटर, म्हणजे आठ फेरे. अंतरपाटाने साडेसहाहून अधिक फेरे गिळले होते.

"अहो, माझ्या गोड्या तेलाच्या कॅनचं बूच याहून जास्त फिरतं," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि ते काही मी घाटात नेत नाही!"

चिरंजीव म्हणाले, "मी रोज नट तपासीन." मिस्त्री हसले. अडॅप्टरवर चाक बसवले की पहिल्या 50-100 किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासायचे असतात. पण दिसतात ते चार चाकांचे मिळून वीस. दुभाष्याला हबशी धरणारे सोळा नट चाकाच्या आड. सोळा तपासायला वीस सोडायचे आणि पुन्हा आवळायचे! एवढी सेवा आमच्या घरात देवाचीही होत नाही.

शिवाय भरलेली बादली अंगाशी धरून नेणे वेगळे आणि हात लांब करून नेणे वेगळे. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगचा हात लांब. बेअरिंग बिचारे तक्रार करते ती घरघरीने, आणि आपण रेडिओ मोठा करतो.

स्पेसर मुळातच पापी आहे असे मात्र नव्हे. पोर्श कंपनीने स्वतःच काही गाड्यांना तो दिलेला आहे. पण तिथे बोल्ट त्याच मापाने लांब घेतात. चकतीवर चकती चढवण्याला मात्र मिस्त्रींचा साफ नकार. "तीस मिलिमीटरच पाहिजे, तर एकाच धातूतून तीस मिलिमीटरचा एकच अडॅप्टर करून घ्यायचा. नाहीतर गाडीच्याच मापाचं चाक आणायचं. ते सगळ्यात बरं."

कायद्याचेही मत फारसे वेगळे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. चार दुभाषे आणि चार अंतरपाट हे आठ फेरफार धरायचे की एक, यावर चिरंजीव वाद घालणार होते. तेवढ्यात ओसरीवरून आई म्हणाली, "बाळा, साडेतीन फेऱ्यांत सुटतं, त्यावर तू मला बसवणार होतास?"

यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत कंपनीची मूळ चाके गाडीला लागली. घाटात गाडी ओसाड दिसत होती असे चिरंजीवांचे मत आहे. आई सारा घाटभर झोपली होती, त्यामुळे तिचे मत कळले नाही.

इनोव्हाची चाके माळ्यावर गेली. एक अंतरपाट सध्या आमच्या स्वयंपाकघरात गरम कढईखाली असतो. फार उपयोगी वस्तू आहे. एकदा कढई मोठी म्हणून मी त्यावर दुसरा ठेवायला गेलो, तर सौभाग्यवतींनी हात धरला. "एकावर एक नाही हं," त्या म्हणाल्या. "आमटी आहे त्यात!"